मुक्कामी गाडीचे मेसेज

सप्रेम नमस्कार,

माझे यजमान एसटीत ड्रायव्हर होते. आठवड्यातल्या तीन-चार रात्री मुक्कामी गाडी असायची. २००५ साली त्यांनी एकदम दोन नोकिया ११०० आणले, एक स्वतःला, एक मला. मुक्कामाच्या गावी पोचले की मेसेज यायचा, 'पोचलो. कडी लाव.' कधी थोडा मोठा असायचा, कधी तेवढाच. ते जाऊन अकरा वर्षं झाली. माझ्या फोनमध्ये त्यांचे बावीस मेसेज उरलेत. सिम कधीच बंद पडलं, तरी मी तो फोन महिन्यातून एकदा चार्ज करते आणि वाचते. आता मागचं झाकण नीट बसत नाही. मुलगी म्हणते, बॅटरी फुगलीय, एखाद दिवशी पेटेल, टाकून दे.

गेल्या दिवाळीत तिनं मला स्मार्टफोन दिला. त्यात बोट लावलं की भलतंच काहीतरी उघडतं. सारखा विचारतो, हे अपडेट करू का, त्याला परवानगी देऊ का. भाजीवाली 'स्कॅन करा काकू' म्हणते तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. दहा वर्षांचा नातू हसतो. मी पंचवीस वर्षं बालवाडी चालवली, इतकी ढ कधीच नव्हते. जुना फोन टाकावा का? आणि या वयात नव्याच्या मागे किती पळायचं?

एक वाचक, वाई

ताई, नमस्कार.

आधी ते झाकण. पुढचं वाचायच्या आत उठा आणि त्या फोनमधली बॅटरी काढून ठेवा. झाकण बसत नाही म्हणजे बॅटरी फुगलेलीच आहे, लेक बरोबर बोलतेय. तिला आता एकदाही चार्जिंगला लावायचं नाही. दाबून बसवायची नाही, टोचायची नाही, ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकायची नाही. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे द्या, नाहीतर गावात ई-कचरा गोळा होतो तिथे. मात्र एक सांभाळा. या फोनात बॅटरीच्या खालीच सिम असतं. बॅटरी उचलताना त्या सिमला अजिबात हात लावू नका. का, ते पुढे सांगते.

या बॅटरीचं नाव बीएल-५सी. ऑगस्ट २००७ मध्ये हिच्यावरून देशभर घबराट झाली होती, आठवतंय? एका ठरावीक काळात बनलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्ज होताना जास्त तापू शकतात, असं नोकियानं जाहीर केलं आणि जो तो झाकण उघडून बॅटरीवरचे बारीक आकडे वाचत बसला. आमच्या ऑफिसात तर भिंग आणलं होतं. असो. यात तुमच्या फायद्याची गोष्ट अशी की ही बॅटरी अजून मिळते. छोटे रेडिओ, भजनं वाजवणारे डबे, स्वस्तातले स्पीकर यांत तीच बसते. मी गेल्या वर्षी पुण्यात तपकीर गल्लीतून एक आणली. तुम्हाला वाईत नाही मिळाली तर साताऱ्यात नक्की मिळेल. दुकानात जाताना जुनी दाखवायला नेऊ नका, नुसतं नाव सांगा.

म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं. फोन टाकायचा नाही, बॅटरी टाकायची.

पण टाकायचा नाही म्हणून तो कायमचा चालेल असं धरून बसू नका. वीस वर्षांचं यंत्र आहे ते. एक दिवस बटण दाबाल आणि पडदा उजळणार नाही. त्या दिवसाच्या आत ते बावीस मेसेज त्यातून बाहेर काढायचेत. या मॉडेलमधून मेसेज कॉम्प्युटरवर घ्यायची घरगुती सोय नाही. केबल शोधत बसू नका, आणि 'काकू, ठेवून जा, काढून देतो' म्हणणाऱ्या कुणाच्या हाती तो फोन सोडून येऊ नका. नवी बॅटरी घाला. तो तारीख-वेळ विचारेल, काहीही घाला. मेसेजवरची तारीख त्यानं बदलत नाही, कारण ती मेसेजबरोबरच मोबाईल कंपनीकडून आलेली असते. सिम बंद पडलेलं असलं तरी बिघडत नाही, आलेले मेसेज वाचायला रेंज लागत नाही. पण सिम त्यातच असू द्या. काही मेसेज फोनच्या मेमरीत असतात, काही सिमवर, आणि तुमचे कुठे आहेत हे आपल्याला माहीत नाही. शिवाय सिम नसेल तर हे जुने फोन मेन्यूच उघडू देत नाहीत.

मग एक-एक मेसेज उघडा आणि नव्या फोननं त्याचा फोटो काढा. हो, त्याच नव्या फोननं. त्याला घरात आणल्यापासूनचं हे पहिलं खरं काम समजा. जुना फोन टेबलावर आडवा ठेवा, ट्यूबलाईटचं प्रतिबिंब पडद्यावर पडणार नाही असा. थोड्या वेळानं त्याचा उजेड जातो, तेव्हा खालीवर जायचं बटण एकदा दाबलं की परत येतो. लांब मेसेज एका पडद्यात मावणार नाही, त्याचे दोन-तीन फोटो घ्या. तारीख आणि वेळ मेसेजच्या शेवटी असते, तीही फोटोत येऊ द्या. रात्री किती वाजता पोचले होते, ते तिथेच लिहिलेलं आहे.

फोटो झाले की मुलीला पाठवा. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबून बारीक होतात. आणि त्यानंतर एक दोनशे पानी वही घेऊन बावीसच्या बावीस मेसेज हातानं उतरवून काढा. मुलगी म्हणेल, फोटो असताना वही कशाला? तिला माझी गोष्ट सांगा.

मी १९९९ पासून कॉम्प्युटरवर मराठी लिहायला लागले. तेव्हाचे मराठी फॉन्ट विकत घ्यावे लागायचे आणि प्रत्येकाचा कीबोर्ड वेगळा. त्यातली मेख आम्हाला कुणी सांगितली नव्हती. कॉम्प्युटर मनातल्या मनात इंग्रजी अक्षरंच साठवत होता, फॉन्ट नुसता त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवायचा. आठ वर्षांचं लिखाण मी आधी फ्लॉपीवर, मग सीडीवर जपून ठेवलं. पुढे कॉम्प्युटर बदलला, तो फॉन्ट नव्यात चालेना. सीडी उघडली तर पानंच्या पानं इंग्रजी अक्षरं, उद्गारचिन्हं आणि टक्क्यांची चिन्हं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक व्यवस्थेत, देवनागरीला १९९१ पासून जागा होती, पण आमच्या छपाईच्या धंद्यात ती झिरपायला पुढची पंधरा-वीस वर्षं गेली. ('ॲ' हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. तोवर आपण 'बॅट' लिहू शकत होतो, 'ॲपल' लिहिताना अ-वर चंद्र कुठून आणायचा याचा जुगाड चालायचा.) त्या आठ वर्षांतलं आज माझ्याकडे काय शिल्लक आहे, तर आईनं कात्रणं काढून वहीत डिंकानं चिकटवली होती तेवढंच. काही पानांना झुरळांनी कोपरे कुरतडलेत, पण अक्षर न् अक्षर वाचता येतं.

फोटोंचंही तसंच झालं. एका संकेतस्थळावर मी घरचे चारशे-साडेचारशे फोटो चढवले होते. बंद करण्याआधी त्यांनी रीतसर मेल पाठवली होती, पण ज्या पत्त्यावर पाठवली तो मी उघडणं सोडून दिलं होतं. दोष माझाच. अशी किती संकेतस्थळं गेली! जिओसिटीज २००९ मध्ये गेलं, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला, याहू ग्रुप्स २०२० च्या शेवटी. तारसुद्धा जुलै २०१३ मध्ये गेली, पण तारेचा कागद आपल्या हातात असायचा. म्हणून वही. आणि त्यांनी रोमन लिपीत, जोडून-तोडून, जसं लिहिलं असेल तसंच उतरवा, शुद्ध मराठी करू नका. बालवाडीच्या बाई आहात, तांबडी शाई हातात घ्याल अशी मला भीती वाटते.

ते रोमनमध्ये का लिहायचे तेही नातवाला सांगण्यासारखं आहे. एका मेसेजात रोमन अक्षरं १६० मावायची. देवनागरीत लिहिलं तर ७०, त्यापुढे दुसऱ्या मेसेजचे पैसे. शिवाय रोमनमधलं मराठी त्या फोनला कळायचं नाही, शब्द सुचवायचा तो इंग्रजीच. म्हणून एकेक अक्षर ठोकायचं. तुमचे पत्र वाचून मी कागदावर मोजलं. 'पोचलो' हे रोमनमध्ये लिहायचं तर पी-ला सातचं बटण एकदा, ओ-ला सहाचं तीनदा, सी-ला दोनचं तीनदा, एच-ला चारचं दोनदा, एल-ला पाचचं तीनदा, पुन्हा ओ-ला तीनदा. एकूण १५ वेळा दाबायचं. दिवसभर घाटात स्टेअरिंग फिरवलेल्या हातांनी. नातू पुन्हा हसला तर त्याच्या हातात तो फोन द्या आणि म्हणा, एवढा एक शब्द लिहून दाखव. त्याचं तोंड बघण्यासारखं होईल.

तुमच्या यजमानांबद्दल मला आणखी एक आवडलं. त्यांनी फोन घेतला तो २००५ मध्ये. या देशातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ चा, कलकत्त्याहून बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीला तेव्हाचे दूरसंचारमंत्री सुखराम यांना केलेला. त्यानंतर कित्येक वर्षं आलेला फोन घ्यायलासुद्धा पैसे पडायचे. म्हणून तर दोन रिंगा म्हणजे 'पोचलो', चार रिंगा म्हणजे 'उशीर होईल' अशी मिस्ड कॉलची भाषा घराघरांत तयार झाली. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं. त्याच वर्षी नोकिया ११०० आला, धूळ आत जाऊ नये म्हणून एकसंध रबरी बटणं आणि डोक्यावर टॉर्च असलेला. रात्री गाडीचं चाक तपासायला वाकणाऱ्या माणसाला याहून काय हवं? ते आठ-दहा वर्षं थांबले, दुसऱ्यांना पैसे घालवू दिले, आपल्या कामाचं यंत्र बाजारात आलं आणि परवडायला लागलं तेव्हा एकदम दोन घेतले. नव्याच्या मागे किती पळायचं हे तुम्ही मला विचारताय. तुमच्याच घरात एक माणूस अजिबात पळत नव्हता आणि त्याचं काही अडलं नाही.

आता ढ असण्याविषयी. जुन्या फोनात पडद्याखालचं मोठं बटण वीस वर्षं तेच राहिलं आणि जिथल्या तिथेच राहिलं. नव्यात तुम्ही एक गोष्ट शिकता आणि महिन्याभरानं अपडेटमध्ये तिची जागा बदलते. फळ्यावरची बाराखडी रोज रात्री कुणी उलटसुलट करून ठेवली असती तर तुमच्या बालवाडीतलं एक तरी पोर वाचायला शिकलं असतं का? माझं स्पष्ट मत आहे की हा दोष बनवणाऱ्यांचा आहे. चाळिशीतले लोकही चाचपडतात, फक्त ते कबूल करत नाहीत.

बोट लावलं की भलतंच उघडतं, याचं कारण बहुधा साधं आहे. आपल्या वयाच्या बायका बोट दाबतात. आयुष्यभर बटणं दाबलीत ना! या काचेला दाब कळत नाही, वेळ कळते. बोट जरा जास्त वेळ टेकलं की तिला वाटतं, यांना दुसरंच काहीतरी हवंय. कपाळावर टिकली लावताना बोट जसं टेकवून लगेच उचलतो तसं करून बघा. त्यातूनही त्रास झाला तर मुलीला सांगा, सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी नावाचा भाग असतो. तिथे दाबून धरण्याची वेळ वाढवता येते, 'टच अँड होल्ड डिले'. ती 'लाँग' करून घ्या. त्याच बैठकीत अक्षरं मोठी करून घ्या आणि पहिल्या पानावर पाचच खुणा ठेवायला सांगा: फोन, व्हॉट्सॲप, कॅमेरा, फोटो आणि टॉर्च. बाकीचं सगळं मागच्या पानावर.

मेन्यूची भाषा मराठी करावी का? मी मराठीवाली, तरी सांगते, करू नका. ज्या दिवशी अडाल त्या दिवशी मुलीला फोन लावाल. ती तिकडून इंग्रजी नावं सांगेल आणि तुमच्या पडद्यावर मराठी नावं असतील. दोघी चिडाल. तिच्या फोनाची जी भाषा, तीच तुमच्या फोनाची ठेवा. कीबोर्ड मात्र मराठी घ्या. त्यावर माईकची खूण असते, ती दाबून बोललं की तो मराठीत लिहितो. तुम्ही बडबडगीतं म्हणायच्या तशा स्वच्छ उच्चारात बोललात तर फार चुका होणार नाहीत.

परवानगीचं एवढंच पाहा, कोण मागतंय आणि काय मागतंय. व्हॉट्सॲपनं फोटो पाठवताना फोटो मागितले, ठीक. पत्त्यांच्या खेळानं तुमच्या फोनातले सगळे नंबर मागितले, नाही म्हणा. नाही म्हटल्यानं फोन बिघडत नाही. फोन स्वतःचं अपडेट मागतो ते मात्र द्या, रात्री चार्जिंगला लावून. मेसेजात लिंक पाठवून 'अपडेट करा' म्हणणाऱ्याला देऊ नका, मग तो बँकेचं नाव सांगो की वीजबिलाचं.

भाजीवालीचं मला विशेष वाटलं नाही. ती स्कॅन करा म्हणते कारण तिच्याकडे सुट्टे नसतात. दहा-वीसच्या नोटा आणि थोडी चिल्लर घेऊन जा, ती खूशच होईल. यूपीआय २०१६ साली आलं, त्याआधीही मंडई भरत होतीच. तरीही शिकावंसं वाटलं तर रोजच्या खात्याला हात लावू नका. पेन्शन येतं त्या खात्यावर नको, वेगळ्या खात्यात दोन-तीन हजार ठेवा आणि तेच फोनला जोडा. पहिले आठ दिवस फक्त मुलीला दहा-दहा रुपये पाठवा. स्कॅन केल्यावर पडद्यावर नाव येतं, ते भाजीवालीला मोठ्यानं वाचून दाखवा आणि मगच पिन टाका. पिन लागतो तो पैसे द्यायला. पैसे मिळवायला पिन कधीही लागत नाही. कुणी 'बक्षीस जमा करतो, पिन टाका' म्हणालं तर फोन ठेवून द्या. व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यातला माणूस येऊन 'डिजिटल अरेस्ट' म्हणाला तरी तसंच करा, अशी अटक कुठल्याही कायद्यात नाही. आणि फसलातच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. जितक्या लवकर लावाल तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

एक राहिलं. नव्या फोनातले फोटो गूगलच्या खात्यात जात असतील. तिथे १५ जीबी जागा फुकट असते, तुम्हाला पुष्कळ झाली. पण ज्या खात्यात सलग दोन वर्षं कुणी शिरलं नाही, ते खातं फोटोंसकट पुसून टाकण्याचा त्यांचा नियम आहे. तुमचं खातं, त्याचा पासवर्ड आणि तो कुणी घालून दिला, हे सगळं त्या दोनशे पानी वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. पासवर्ड कागदावर लिहू नये असं सगळे सांगतात. तुमच्या कपाटातल्या साड्यांच्या घडीत शिरून कुणी चोर वही वाचणार नाही. पासवर्ड कुठेच लिहिलेला नाही म्हणून मागे राहिलेल्यांना फोटो मिळाले नाहीत, अशी घरं मात्र मी पाहिली आहेत. पिन तेवढा लिहू नका.

आणि आता मला एक विचारायचंय. यजमानांनी दोन फोन आणले होते, असं तुम्ही लिहिलंत. तुमच्याचं काय झालं ते कळलं. त्यांचा कुठाय? ड्युटीच्या पिशवीत, खाकी शर्टांच्या ट्रंकेत, कुठे असेल तर शोधा. सापडला तर त्याचीही जुनी बॅटरी काढा, सिमला हात लावू नका. तुमच्या फोनात त्यांनी तुम्हाला लिहिलेलं आहे. त्यांच्या फोनात तुम्ही त्यांना लिहिलेलं असेल. दुकानात गेलात की बॅटऱ्या दोन घ्या.